भट्टीत गोरे झालेले बाबा

ठाण्यात बाळकुमला पितृपक्षातल्या म्हाळाच्या जेवणाला मी दरवर्षी लवकर पोचतो आणि मग वर जायचा धीर होत नाही म्हणून टॉवरच्या खालीच रेंगाळतो. ठाकुर्लीहून निघताना बायको बजावते, "गेल्यावर सोफ्याला नीट टेकून बसा. काठावर बसता, बघणाऱ्याला वाटतं आत्ता कुणी उठवायला येणार." मी हो म्हणतो. पण लिफ्टमधून बाहेर पडलो की चपला कुठे काढायच्या इथपासून घोळ सुरू होतो. खरं तर ते घर मला सख्ख्यापेक्षा जवळचं. मला भीती घराची नाही, हॉलमधल्या भिंतीची आहे.

त्या भिंतीत एक पांढरी टाइल बसवलेली आहे आणि तिच्यावर एक चेहरा रंगवलेला आहे. वरून दोन छोटे दिवे सोडलेत. चारी बाजूंनी सोन्याची पट्टी. टोपी, सदरा, जाड मिशी आणि गव्हापेक्षाही उजळ, गुलाबीसर गोरा चेहरा. तो मी रंगवलेला. आल्यागेल्याला आधी टाइल दाखवतात आणि मग मला दाखवतात. "हे आमचे आर्टिस्ट," दादा म्हणतो. दादा म्हणजे त्या घरातला थोरला मुलगा, आता त्याचेही केस पिकलेत. पाहुणे टाइलकडे बघतात, मग माझ्याकडे बघतात, आणि मी माझ्या पायांकडे बघतो. कारण ज्या माणसाचा तो चेहरा आहे, तो माणूस काळाकुट्ट होता.

मी चंद्रपूरकडचा. वडील कौलं थापायचे, आमच्याकडे त्यांना कवेलू म्हणतात. मी सातवीत असताना वडिलांचा उजवा हात वाऱ्याने लुळा पडला. शाळा सोड असं मला कुणी म्हटलं नाही. एक दिवस सकाळी दप्तराऐवजी फावडं घेऊन मी मातीच्या खड्ड्याकडे गेलो आणि दुसऱ्या दिवशीही गेलो, एवढंच. पुढे लोक घरांवर सिमेंटचे पत्रे घालायला लागले आणि कवेलूही संपलं. मामा तेव्हा कोलशेतला एका केमिकल कंपनीत वॉचमन होता. त्याने बोलावून घेतलं. पण तो स्वतःच गेटवरच्या केबिनमध्ये झोपायचा, त्यामुळे मला त्याने बाळकुमला ओळखीच्या एका आगरी घरात आणून सोडलं. गोठ्याची केलेली मागची खोली होती. मामा म्हणाला, चार दिवस राहू द्या. मी लग्न होईपर्यंत राहिलो.

घरमालकांना मी बाबा म्हणायचो आणि त्यांच्या बायकोला आई. चंद्रपूर म्हणजे जुनं चांदा, म्हणून त्यांच्यासाठी मी होतो 'चांद्याचा'. थोडी शेती होती, पण बाबांचं आयुष्य गेलं मिठागरात. पहिल्या दिवशी मला ताटात खाडीच्या निवट्यांचं कालवण वाढलं. आमच्याकडे तलावातले मासे खातात, पण हे डोळे वर आलेले मासे मी पाहिलेले नव्हते. मी नुसता बघत बसलो. बाबा जेवता जेवता म्हणाले, "त्याच्याकडं नको बगू. तो पन तुज्याकडं बगनार, मग दोगंबी उपाशी." सगळं घर हसलं. मला रडू आलेलं. आई माझ्या शेजारी बसली आणि काटे काढून एकेक घास माझ्या भातावर ठेवत गेली. माझी आई नऊशे किलोमीटरवर होती आणि इथे ही कोण कुठली बाई. त्या घासांचं ओझं मी अजून उचलून फिरतोय.

बाबांचा रंग सांगायला हवा, कारण सगळं त्यावरच आहे. मिठागरात ऊन वरून लागतं तसं खालूनही लागतं, पांढऱ्या मिठावरून उलटून. हनुवटीखालीसुद्धा बाबा तेवढेच काळे होते. पण तो कोळशाचा काळा नव्हता. चिंचोका असतो ना, आतून तांबूस, वरून तेल लावल्यासारखा, तसा. संध्याकाळी ओट्यावर बसले की गालाच्या हाडावर तो तांबूसपणा उठून दिसायचा.

मला काम लागलं कोलशेतच्याच एका शेडमध्ये. कपबशा रंगवायचं. कप आम्ही बनवत नव्हतो. पांढरे कोरे कप पेंढ्यात बांधून पेट्यांतून यायचे आणि आम्ही त्यांना नटवायचो. आधी मी फक्त कप पुसायचो. मग छापील फुलं चिकटवायला लागलो. मग चकरीवर कप फिरवत काठाला रेघ मारायला शिकलो. आणि शेवटी उस्तादांनी हातात बारीक ब्रश दिला. उस्ताद उत्तरेकडचे, बोलायचे कमी. त्यांनी मला एक गुलाब शिकवला आणि तो गुलाब मी शेड बंद होईपर्यंत काढत राहिलो. सुट्टीत मंडळांचे पडदे रंगवले, दुकानांच्या पाट्या रंगवल्या, एका शाळेच्या भिंतीवर मोर काढला. पण पोट भरलं गुलाबाने. आजही ठाण्यात कुणाकडे गेलो आणि चहा आमच्या कपातून आला तर मी कप हळूच फिरवतो, फूल पलीकडे जाईल असा. फूल दिसलं की मला फूल दिसतच नाही, वाकडं पडलेलं पान तेवढं दिसतं.

आमच्या रंगाची एक गंमत बाहेरच्या माणसाला पटकन कळत नाही. ब्रशने लावताना दिसतो तो रंग खरा नसतो. भट्टीतून निघेल तो खरा. सोनं तर लावताना काकवीसारखं तपकिरी असतं, लग्नाच्या कपाला कुणी काकवी फासलीय असं वाटतं. भट्टीतून निघालं की लखलखतं. आणि काही रंग भट्टीला भितात. तांबडे, तपकिरी पातळ लावले आणि आच थोडी चढली की उडून जातात. उस्ताद म्हणायचे, "आंख की मत सुन, भट्टी से पूछ." मी मान डोलवायचो.

बाबा एका पावसाळ्यात तापाने गेले. नंतर लक्षात आलं, घरात त्यांचा धड फोटोच नाही. एक होता तो दादाच्या हळदीतला. त्यात बाबा सगळ्यांच्या मागे नाचतायत आणि तोंड हळदीने पिवळंधमक. आई तो फोटो बघायची आणि उलटा करून ठेवायची. मीच म्हणालो, मी टाइलवर काढून देतो, वर्षश्राद्धाच्या आत. कुणी मागितलेलं नव्हतं. मला काहीतरी द्यायचं होतं आणि माझ्याकडे देण्यासारखं तेवढंच होतं.

चेहरा मी आधी कधी केलेला नव्हता. नाक-डोळे हळदीच्या फोटोवरून घेतले, रंग मनातून. शेडमध्ये सगळे जेवायला गेले की मी ती टाइल काढून बसायचो. भट्टीतून निघाली तेव्हा मलाच धक्का बसला. चिंचोका. बाबाच. टॉवेलात गुंडाळून घरी आणली. आई मागच्या दारी तांदूळ पाखडत होती. तिने सूप खाली ठेवलं, हात पुसले आणि टाइल मांडीवर घेतली. बराच वेळ बघितलं. मग तळवा त्या गालावर ठेवला, जिवंत माणसाच्या गालावर ठेवतात तसा.

"असाच व्हता," ती म्हणाली. "दे, ठेवते आत."

आणि मी म्हणालो, थांबा आई, अजून झालं नाही, सोन्याची पट्टी मारायचीय.

"कशाला रं? तो काय राजा व्हता?"

त्यावर मी काहीतरी मोठं, सिनेमातलं बोललो. आता ते आठवलं तरी कान तापतात. टाइल तिच्या मांडीवरून मी उचलून घेतली. तिने दोन्ही हातांनी धरली होती, सोडताना थोडा वेळ लावला. तेवढंही माझ्या लक्षात आलं नाही. म्हणजे आलं, पण मी सोन्याच्या नादात होतो.

सोन्याची भट्टी मंद लावतात. पण त्या आठवड्यात सोन्याचा माल नव्हता, रंगाचा होता, आणि वर्षश्राद्ध तोंडावर आलेलं. उस्ताद गावी गेलेले. मी टाइल रंगाच्या मालाबरोबर वरच्या फळीवर, जिथे आच सगळ्यात जास्त, तिथे सरकवली. वर्षश्राद्धाच्या सकाळी भट्टी उघडली तर आतून एक गोरा, गुलाबी गृहस्थ माझ्याकडे बघत होता. मिशी तीच, डोळे तेच, टोपी तीच. चिंचोका उडून गेलेला. सोनंही जरा करपलं होतं, पण सोनं करपलं तरी लोकांना सोनंच दिसतं.

मी घरी जाऊन दादाला सांगितलं, टाइल बिघडली, आत्ता लावू नका, मी दुसरी करतो. त्याने टॉवेल उलगडला आणि बघतच राहिला. बिघडली कुठे, म्हणाला, बाबा कसले भारी दिसतायत. शेजारच्या बायका आल्या. एक मावशी म्हणाली, "जित्तेपनी कवा असा दिसला नाय गो," आणि सगळ्या हसल्या, चांगल्या मनाने हसल्या. मी पुन्हा म्हणालो की रंग चुकलाय, तर कुणीतरी माझ्या पाठीवर थाप मारली की काय गुणी पोरगा आहे, स्वतःच्याच कामाला नावं ठेवतो. दुपारपर्यंत टाइल सिमेंटने भिंतीत बसली. आई स्वयंपाकघराच्या दारात आली, एकदा बघितलं आणि वडे तळायला परत आत गेली. त्या दिवशी पहिलं पान मला वाढलं.

त्यानंतर ती टाइलबद्दल माझ्याशी कधी बोलली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. जेवायला वाढायची, गावी आईला पत्र टाकलंस का विचारायची, माझ्या लग्नात वरमाईसारखी उभी राहिली. दुसरी टाइल करतो, असं मी मनात दर वर्षी म्हणायचो. आधी उस्तादांची भीती, मग संसार, मग वाटायला लागलं की आता काढून दुसरी लावा म्हणणं म्हणजे त्यांच्या बापाच्या फोटोला हात घालणं. हार घातलेल्या वस्तूत चूक कशी काढायची?

पुढे शेड बंद झाली. कुणी कारागिराच्या हातचा गुलाब घेईना. मी तोवर ठाकुर्लीला घर केलेलं. बाळकुमचं जुनं घर बिल्डरला गेलं तेव्हा मी एक वाईट गोष्ट केली. देवाजवळ मागितलं की भिंत पाडताना ती टाइल फुटू दे. दादाने त्या भिंतीचा तुकडाच कापून काढायला लावला, गाद्यांत गुंडाळून नेला, आणि मला आनंदाने फोन केला, "काळजी नको करू, ओरखडा पण नाय." मी म्हणालो, वा.

हे सगळं माझ्यापुरतं राहिलं असतं तर मी लाजत लाजत निभावून नेलं असतं. पण दादाची मुलगी मोठी झाली. शिकली, ठाण्यात नोकरीला लागली, बोलण्यात चटपटीत, हसली की घर हसतं. रंगाने बाबा. अगदी तो गालाच्या हाडावरचा तांबूसपणासुद्धा. तिला बघायला पाहुणे येऊ लागले. एकदोन ठिकाणांहून निरोपच आले नाहीत, आणि घरात कुणी कारण उच्चारलं नाही.

गेल्या वर्षीच्या म्हाळाला हॉल भरलेला. ती वाढत होती. बाबा गेल्यानंतर नात्यात आलेल्या एक बाई, वाईट नाहीत, तोंडाला येईल ते बोलणाऱ्या, त्यांनी तिच्याकडे बघून सहज विचारलं, "ही कोनावर गेली गो? आईबाप निमगोरे, आजा तर केवडा गोरा." आणि वडा हातात धरून भिंतीकडे बोट दाखवलं. सगळ्यांनी टाइलकडे बघितलं. मुलगी म्हणाली, "मी ना मावशी, डाऊनलोड होताना करपले." सगळे हसले, तीही हसली, आणि भाताचं भांडं घेऊन पुढच्या पानाकडे गेली. माझ्या पानापाशी आली तेव्हा मी वर बघितलं नाही. भात नको म्हणून पानावर हात आडवा धरला. तो हात नंतरही तसाच राहिला.

आई कोपऱ्यात खुर्चीवर होती. आता ती फार चालत नाही. हात धुऊन मी निघायला लागलो तर तिने मला तिच्या खोलीत बोलावलं आणि दार लावायला सांगितलं. मला वाटलं, आता बोलेल. इतक्या वर्षांनी बोलेल. बरं वाटलं, आणि कडी लावायला मी उगाच वेळ लावला.

"तू बगितलेला ना त्याला?" तिने विचारलं.

"हो, आई."

"मी मेले की त्याला बगितलेला कोन उरनार हाय? दादा पन आता भित्तीतलाच बाप सांगतो. पोरीला काय सांगू मी, तू कोनाची? मना माजा काला मानूस पाह्यजे."

मी म्हणालो, आई, हात थरथरतो. डोळ्याचं ऑपरेशन झालंय. शेड गेली, भट्टी गेली, मी कुठे करू? मी बरंच काय काय म्हणालो. ती ऐकत राहिली. आवाज चढवला नाही.

"माज्या मांडीवरून तू नेलास," ती म्हणाली. "तूच आन."

डोंबिवलीत एक मुलगी मातीकामाचे क्लास घेते, बाहेरच्यांच्या वस्तूही भाजून देते असं कळलं. गेलो. ती मला सर म्हणाली. सातवी नापाससुद्धा नाही, सातवी अर्धवट, आणि सर. मी तिला मॅडम म्हणालो. मग आम्ही दोघं तसंच म्हणत राहिलो. रंग मिळाले, टाइल मिळाली. मी घरी खिडकीशी बसलो, ब्रश घेतला, आणि कळलं की बाबा माझ्याकडे नाहीतच. डोळे मिटले की भिंतीवरचा येतो. दर वर्षी त्याच्याच समोर जेवून जेवून माझ्याही डोळ्यांत तोच गोरा माणूस बसलेला. पहिली टाइल भाजून आणली ती चहाच्या रंगाची. दुसरी शाडूच्या मूर्तीसारखी. चिंचोका म्हणून चिंचोका समोर ठेवला, पण चिंचोक्याला गाल नसतात.

रंग कुठे आहे ते मला माहीत होतं. पण एका लग्नाच्या मुलीला कसं म्हणायचं की तुझ्या कातडीचा रंग दे? मी आठवडाभर फोन हातात घ्यायचो आणि ठेवायचो. शेवटी बायकोने थेट बाळकुमला आईलाच फोन लावून दिला. रविवारी दादाची मुलगी ठाकुर्लीला हजर. खिडकीपाशी खुर्ची ओढून बसली, बाही वर केली आणि हात टेबलावर ठेवला, रक्त तपासायला ठेवतात तसा.

मी फुटक्या टाइलवर वेगवेगळ्या जाडीचे ठिपके लावले. ते भाजून आणायचे, तिच्या हाताशेजारी धरायचे, पुन्हा लावायचे, असं तीनचार रविवार चाललं. ती मोबाइल बघायची, बायकोशी गप्पा मारायची. मी खाली मान घालून.

"काका," एकदा तिने विचारलं, "आजोबा खरंच माझ्यासारखे होते?"

"तुझ्यापेक्षा दोन हात पुढे."

ती खूश झाली. मग मोबाइल पालथा ठेवला. "मग हे कुणी सांगितलं का नाही मला? तुम्ही तरी. दरवर्षी येता तुम्ही."

मी म्हणालो, चहा घेतेस का. ती माझ्याकडे बघत राहिली, मग म्हणाली, घेते. बायकोने चहा आणला आमच्या जुन्या कपातून, गुलाबाच्या. मुलीने कप हातात फिरवून फूल बघितलं आणि छान आहे म्हणाली. मला जागेवरून उठून आत जावंसं वाटलं.

त्यापुढच्या खेपेला भाजून आणलेला एक ठिपका तिच्या कोपराजवळ धरला आणि तो दिसेनासा झाला. टाइलचा पांढरा तुकडा दिसत होता आणि मध्ये भोक पडल्यासारखा तिचाच हात. तिने फोटो काढला.

चेहरा काढायला मग फार दिवस लागले नाहीत. हाताने त्रास दिला, नाक जरा जाड झालं, एक कान खाली आला. टाइल भट्टीत एकदाच घातली. मॅडमनी विचारलं, "सर, माझ्याकडे सोन्याची बाटली आहे, कडेला लावायचंय का?" मी इतक्या घाईने नको म्हणालो की ती दचकली. मग मीच तिची माफी मागितली.

टाइल घेऊन बाळकुमला गेलो त्या दिवशी खाली रेंगाळलो नाही, थांबलो असतो तर परत फिरलो असतो. आई पलंगावर होती. मी टॉवेल सोडला. तिला आता कमी दिसतं. खिडकीकडे धर म्हणाली. जवळून बघितलं, लांबून बघितलं.

"नाक तुजं लावलंस का रं?"

मी म्हणालो, चुकलं आई. कानही चुकलाय. द्या इकडे, मी नेऊन...

तिने टाइल छातीशी घेतली आणि तिच्यावर पदर ओढला. "आता नाय देनार," म्हणाली. पदराखाली तिचा तळवा त्या गालावर फिरत होता, ते मला कापडावरून कळत होतं. मग तिने कड चाचपली. "सोना नाय लावलास?"

"नाही लावलं."

"बरा केलास."

दादाला मी समोरासमोर सगळं सांगितलं, भट्टीचं, सोन्याचं. त्याने उठून हॉलमधली टाइल जवळून बघितली. मग म्हणाला की बाबा सावळे होते हे त्यालाही आठवतं, पण एवढे? आणि हॉलमधल्याला आता कसं काढायचं, पोरं त्याच्या पाया पडून परीक्षेला गेलीत. मी म्हणालो, नका काढू. माझ्यात तेवढी हिंमत नव्हती. त्यामुळे गोरे बाबा हॉलमध्ये दिव्यांखाली राहिले आणि काळे बाबा आईच्या पलंगाशेजारी स्टुलावर, औषधांच्या बाटल्यांच्या मागे.

या वर्षीच्या म्हाळाला मी पुन्हा सोफ्याच्या काठावर. कावळ्याला गच्चीवर न्यायचं पान आधी टाइलसमोर दाखवायचा रिवाज आहे. दादा पान घेऊन हॉलमध्ये आला, तेवढ्यात आतून आईची हाक. "इकडं आन पयला." दादा घुटमळला. हॉल पाहुण्यांनी भरलेला. मग पान घेऊन तिच्या खोलीत गेला, आणि तिथून बाहेर येऊन भिंतीसमोर. कावळ्याला उशीर झाला एवढंच कुणीतरी पुटपुटलं.

जेवणं चालू असताना दादाच्या ओळखीचे एक नवे गृहस्थ टाइलपाशी उभे राहिले. काय तेज आहे हो चेहऱ्यावर, म्हणाले. कुणीतरी माझ्याकडे बोट केलं, हे आर्टिस्ट. सगळ्यांनी वळून बघितलं. दादाची मुलगी आमटीचं भांडं घेऊन तिथेच उभी होती.

"ही बिघडलेली आहे," मी म्हणालो. आवाज पाहिजे त्यापेक्षा मोठा निघाला. "हे असे नव्हते. बरोबर आहे ती आत आहे."

ते गृहस्थ हसले. कलाकारांचं समाधान कधी होतच नाही, असं काहीतरी म्हणाले. शेजारच्याने मान डोलवली, पलीकडे कुणी वडे मागितले, आणि वाढप पुढे सरकलं. इतकी वर्षं अडकलेलं वाक्य बाहेर पडलं होतं आणि ते पापडाच्या आवाजात गेलं. मला पूर्वीपेक्षा जास्त लाज वाटली.

मुलीने आमटीचं भांडं माझ्या शेजारी सोफ्यावरच टेकवलं. "चला काका," ती त्या गृहस्थांना म्हणाली, "माझे आजोबा दाखवते." आणि त्यांना घेऊन आईच्या खोलीकडे गेली. त्यांच्यामागे गेल्या वर्षीच्या त्या नात्यातल्या बाईही उठल्या, उष्टा हात तसाच वर धरून.

मी सोफ्यावरचं भांडं सांडू नये म्हणून दोन्ही हातांनी धरून बसलो. मग आतून त्या बाईंचं नुसतं "अगो बाय" ऐकू आलं. आणि त्यावर आईचा आवाज, सगळ्या हॉलला ऐकू जाईल असा.

"थोडी लांब उबी ऱ्हा. आन नाकाकडं नको बगू, नाक त्या चांद्याच्याचं हाय."